पुराणिकाच्या लेकीची पोथी

पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात केडगाव नावाचे एक गाव आहे. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील या गावी, मुक्ती मिशनच्या आवारात, 5 एप्रिल 1922 रोजी पंडिता रमाबाईंनी अखेरचा श्वास घेतला. वयाची चौसष्ट वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा थोडे दिवस उरले होते. आदल्या वर्षी, जुलै 1921 मध्ये, त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा मिरज येथे निवर्तली होती. प्रकृती खालावलेली, श्रवणशक्ती फार पूर्वीच क्षीण झालेली आणि वारसदार म्हणून जिच्याकडे पाहावे ती लेक डोळ्यांदेखत गेलेली. अशा अवस्थेतही रमाबाईंच्या हातातील एक काम थांबले नव्हते. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले होते आणि त्याची मुद्रिते त्या तपासत होत्या. ते काम संपले आणि पाठोपाठ त्यांचे आयुष्यही संपले.

रमाबाईंचे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. शाळेच्या पुस्तकात त्यांच्याविषयी चार ओळी असतात: विदुषी, समाजसुधारक, शारदा सदनाच्या संस्थापक. मात्र त्यांच्या श्रद्धेची वाटचाल या चार ओळींत मावत नाही. ज्या मुलीचे बालपण लोकांना पुराणे ऐकवण्यात गेले, तिने उत्तरायुष्याची सुमारे अठरा वर्षे एक धर्मग्रंथ खेड्यातील बाईला समजेल अशा मराठीत उतरवण्यात घालवली. या दोन टोकांमध्ये उपासमार, वैधव्य, परदेश, वाद आणि बहिष्कार यांनी भरलेले एक आयुष्य आहे. ग्रंथ आणि दुःख हे त्या आयुष्याचे दोन्ही काठ होत.

गंगामूळचे अरण्य

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतील गंगामूळ या अरण्यस्थानी झाला. हा प्रदेश आज कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे गाढे पंडित. स्त्रियांनी संस्कृत शिकण्यात अधर्म आहे, असे मानणाऱ्या काळात त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्याबद्दल त्यांना धर्मपंडितांपुढे जाब द्यावा लागला. शास्त्राधारे त्यांनी आपली बाजू मांडली आणि ती खोडून काढणे कोणाला जमले नाही. तरीही आप्तांचा आणि शेजाऱ्यांचा विरोध शमला नाही. अखेर त्यांनी अरण्यात घर बांधले आणि तेथे विद्यार्थ्यांना शिकवू लागले.

आतिथ्य आणि दानधर्म यांत शास्त्रीबुवांची जमीनजुमला संपली. रमाबाई अगदी लहान असतानाच कुटुंबाने ते घर सोडले आणि तीर्थयात्रेची वाट धरली. पुढची कित्येक वर्षे या कुटुंबाला कायमचे छप्पर नव्हते. एका क्षेत्राहून दुसऱ्या क्षेत्री जावे, देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे, श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावा, असा क्रम होता. वडिलांची दृष्टी मंदावली होती, त्यामुळे रमेला शिकवण्याचे काम आईने केले. पहाटे कामाला लागण्यापूर्वी आई मुलीला जागे करी आणि पाठ देई. बाराव्या वर्षापर्यंत भागवत पुराणाचे अठरा हजार श्लोक रमेला मुखोद्गत झाले होते.

घरात मराठी, बाहेर कानडी, तेलुगू, तमिळ. अशा वातावरणात ही मुलगी वाढली. महाराष्ट्राच्या मध्यभागी तिचे बालपण गेलेच नाही. तेलंगणाच्या सीमेवरील भैंसा या गावी आजही अनेक घरांत चुलीपाशी मराठी आणि बाजारात तेलुगू चालते. गोमंतकातही घरची बोली आणि पोथीची भाषा यांचे नाते असेच अनेकपदरी आहे. मराठी ही एखाद्या राजधानीची मालमत्ता नसते, ती वाटेवरच्या माणसांचीही असते, हे रमाबाईंना अनुभवाने माहीत होते. या अनुभवाचे मोल पुढे दिसून आले.

पुराण संस्कृतात असे. बहुतेक श्रोत्यांना ते समजत नसे. श्रवणाने पुण्य लाभते एवढी खात्री त्यांना पुरेशी होती. अर्थ कळला नाही म्हणून कोणी उठून जात नसे. वाचणाऱ्याला दक्षिणा आणि ऐकणाऱ्याला पुण्य, असा हा शतकानुशतकांचा परिपाठ होता. लहानग्या रमेनेही तो मनोभावे पाळला. पुढे मात्र त्याच परिपाठाने तिच्या मनात एक प्रश्न रुजवला: जे कळत नाही, ते आधार कसे देणार?

अकरा दिवसांची भूक

1870 च्या दशकात मद्रास इलाख्यावर दुष्काळाचे सावट आले. पुराण ऐकायला कोणी उरले नाही, मग दक्षिणा कोण देणार? शास्त्रीबुवांचे कुटुंब अंगमेहनतीचे काम जाणत नव्हते आणि भीक मागणे त्यांच्या स्वभावात नव्हते. होती ती भांडी गेली, दागिने गेले, वस्त्रे गेली. शेवटचे धान्य संपल्यावर ते सगळे रानात जाऊन राहिले. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर त्यांनी काढल्या. वडिलांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले होते. मुलाने, श्रीनिवासाने, मोलमजुरी करण्याची तयारी दाखवली आणि तो विचार मागे पडला. पण देहाची शक्ती सरली होती. निरोप घेताना वडिलांनी धाकट्या मुलीला जवळ घेतले, ईश्वराची सेवा करण्याचा आणि मान राखून जगण्याचा उपदेश केला आणि ते गेले.

थोड्याच अवधीत आईही गेली. तिची तिरडी उचलायला पुरेसे खांदेकरी मिळाले नाहीत. दोघा ब्राह्मणांनी दया येऊन हात दिला, पण चौथा खांदा मुलीलाच द्यावा लागला. रमा ठेंगणी होती. तिरडीची पातळी राखण्यासाठी तिने आईचा देह डोक्यावर तोलून स्मशानापर्यंत नेला. मोठी बहीण कृष्णाबाई हिचाही अंत लवकरच झाला. सोळा-सतरा वर्षांच्या वयात रमेपाशी केवळ एक भाऊ आणि स्मरणात साठवलेले हजारो श्लोक उरले.

बहीणभाऊ पायी निघाले. दक्षिणेतून उत्तरेला, थेट काश्मीरपर्यंत त्यांनी हजारो मैलांची वाट तुडवली. पांघरूण नसल्याने कडाक्याच्या थंडीत नदीकाठच्या वाळूत खड्डा करून, अंगावर वाळू ओढून ते रात्र काढत. व्रते केली, उपवास केले, तीर्थात स्नाने केली. पोथीत जे जे सांगितले होते ते सारे प्रामाणिकपणे केले. तरीही आईवडिलांच्या मरणाचे उत्तर त्यांना कुठे मिळाले नाही. श्रद्धेचा पाया डळमळू लागला होता, पण शोध थांबला नव्हता.

कलकत्ता ते सिल्चर

1878 मध्ये दोघे कलकत्त्याला पोहोचले. वीस वर्षांची तरुणी अस्खलित संस्कृत बोलते, शास्त्रचर्चा करते, याचे तेथील विद्वानांना मोठे अप्रूप वाटले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. ब्राह्म समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेदाची प्रत ठेवली. स्त्रीने वेद वाचावा काय, हा प्रश्न तिला त्याआधी पडला होता. आता तिने उपनिषदे वाचली, धर्मशास्त्रे वाचली. व्याख्यानांच्या तयारीसाठी केलेल्या या वाचनातून तिला एक गोष्ट खटकली. इतर बाबतींत परस्परविरोधी असलेले ग्रंथ स्त्रीला आणि शूद्राला कमी लेखण्यात मात्र एकमताचे होते, असा तिचा निष्कर्ष झाला. ज्या ग्रंथांनी तिला मान मिळवून दिला होता, त्यांच्यातच तिच्यासारखीला जागा नव्हती.

कलकत्त्यातच एका ख्रिस्ती मेळाव्याला जाण्याचा प्रसंग आला. लोक खुर्च्यांसमोर गुडघे टेकून डोळे मिटतात, हे पाहून ते खुर्च्यांची पूजा करतात की काय, असे या बहीणभावांना वाटले. निघताना कोणी तरी संस्कृत बायबलची प्रत त्यांच्या हाती दिली. भाषा ओळखीची, पण शैली आणि आशय इतके निराळे की वाचन पुढे सरकेना. ग्रंथ हाती आला होता, त्याचा अर्थ लागायला अजून अवधी होता.

1880 मध्ये डाक्का येथे श्रीनिवासाचा मृत्यू झाला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, भाषा वेगळी, प्रांत वेगळा. आसामातील सिल्चरला त्यांचा संसार सुरू झाला. 1881 च्या एप्रिलमध्ये मनोरमेचा जन्म झाला. पतीच्या पुस्तकसंग्रहात एके दिवशी लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती पडली. या वेळी शब्द परके वाटले नाहीत. एका मिशनऱ्याकडून त्यांनी त्याचे विवरणही ऐकले. पत्नीने दुसऱ्या धर्माची वाट धरावी, हे बिपिनबाबूंना मानवले नाही. तो प्रश्न तसाच राहिला आणि फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने त्यांना नेले. दोन वर्षांचाही संसार झाला नाही. तेविसाव्या वर्षी रमाबाई तान्ह्या मुलीसह एकट्या पडल्या.

पुणे, वाँटेज आणि स्वतःचा विवेक

त्या महाराष्ट्रात आल्या. पुण्यात 1882 मध्ये त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहिले आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. स्त्रियांना शिकवायला स्त्री-शिक्षिका हव्यात आणि त्यांच्यावर उपचार करायला स्त्री-डॉक्टर हव्यात, ही मागणी त्यांनी तेथे केली. पुण्यातील सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. याच काळात काशीत वाढलेले आणि तरुणपणी ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोरे यांच्याशी त्यांचा विचारविनिमय झाला. स्वतः शास्त्री असलेल्या या माणसाशी त्यांना आपल्याच परिभाषेत बोलता आले.

1883 मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाच्या आश्रयाला राहिल्या. तेथे दोन आघात झाले. त्यांच्यासोबत आलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने मानसिक तोल ढळून जीवन संपवले. तसेच ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टर होण्याची वाट बंद झाली. अशा अंधाऱ्या दिवसांत, 29 सप्टेंबर 1883 रोजी, त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयामागे एक प्रसंग होता. वाँटेजच्या भगिनी लंडनजवळ फुलहॅम येथे समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृह चालवत. अशा स्त्रियांची कोणी प्रेमाने सेवा करतो, हे रमाबाईंनी प्रथमच पाहिले. ही करुणा येते कुठून, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय, विहिरीकाठच्या शोमरोनी स्त्रीची कथा, त्यांना वाचून दाखवण्यात आली. येशू एका परक्या, बदनाम ठरलेल्या बाईकडे पाणी मागतो आणि तिच्याशी धर्माच्या गाभ्याविषयी बोलतो. स्त्रीला ज्ञानाची अधिकारी मानणारा ग्रंथ आपल्याला सापडला, अशी रमाबाईंची भावना झाली. त्यांच्या दृष्टीने पोथी आणि आचरण यांचा मेळ येथे बसला होता.

तथापि बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी विचार करणे सोडले नाही. त्रैक्याचा सिद्धान्त, चमत्कार, चर्चची सत्ता यांबद्दल त्या प्रश्न विचारत राहिल्या. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा प्रदीर्घ आणि कधी कधी कडवट पत्रव्यवहार झाला. त्यांनी शाकाहार सोडला नाही. क्रूसावरील अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतात असावीत, असा त्यांचा आग्रह होता. आपण ख्रिस्ताचा स्वीकार केला आहे, इंग्रजी चर्चच्या आज्ञेत राहण्याचा नव्हे, ही त्यांची भूमिका होती. एका जोखडातून सुटलेल्या स्त्रीला दुसरे जोखड पत्करायचे नव्हते. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या, संस्कृत शिकवू लागल्या आणि हा वादही चालू राहिला.

शारदा सदनाची कसोटी

1886 मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत त्यांचा मुक्काम लांबला. 1887 मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याला मोठा वाचकवर्ग लाभला. बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने भारतातील विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत देण्याचे मान्य केले. शाळेत धर्मोपदेश होणार नाही, अशी अट होती. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्यांनीच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्यांच्या हिंगण्याच्या कार्यात साथ दिली. 1890 मध्ये सदन पुण्यात आले.

येथेच रमाबाईंच्या आयुष्यातील सर्वांत तीव्र सार्वजनिक वाद उद्भवला. वर्गात ख्रिस्ती शिकवण दिली जात नव्हती. परंतु रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करत, तेव्हा दार उघडे असे आणि काही विद्यार्थिनी आपणहून येऊन बसत. ही गोष्ट बाहेर पोहोचली. तटस्थतेचे वचन मोडले गेले, असा आरोप झाला आणि केसरीने त्यावर कडाडून टीका केली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे सहानुभूती बाळगणारे सल्लागारही 1893 मध्ये दूर झाले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

दोन्ही बाजूंचा विचार केल्याखेरीज हा प्रसंग समजत नाही. विश्वासाने लेकी स्वाधीन करणाऱ्या कुटुंबांची भीती खरी होती. ज्या वयात मन घडते त्या वयात आचार्याच्या खोलीचे उघडे दारही निमंत्रण ठरते. दुसरीकडे, स्वतःच्या घरात स्वतःच्या देवाची प्रार्थना दार लावून, लपून करावी, हे रमाबाईंना मान्य होणे शक्य नव्हते. त्यांनी दार लावले नाही. त्याची किंमत मोठी होती. ज्या मराठी समाजाने त्यांना डोक्यावर घेतले होते, त्याच्या मोठ्या भागाने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

या सुमारास त्यांच्या अंतरंगातही उलथापालथ चालू होती. 1891 च्या आसपास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. अनेक वर्षे धर्मोपदेश केल्यावर आपल्याला खरी श्रद्धा गवसली, असा त्या लेखकाचा अनुभव होता. रमाबाईंनी स्वतःला तपासले. ख्रिस्ती धर्म आपण बुद्धीने स्वीकारला, परंतु त्या धर्माच्या केंद्रस्थानी असलेल्या ख्रिस्ताशी आपले नाते जुळलेले नाही, असे त्यांना जाणवले. बाप्तिस्म्याला आठ वर्षे उलटली होती. एवढ्या कालावधीनंतर आपण अद्याप उंबरठ्यावरच आहोत, हे कबूल करायला धैर्य लागते. यानंतर त्यांच्या लेखनातील वादाची धार कमी झाली आणि समर्पणाचा सूर वाढला. लोकांनी टाकले त्याच वर्षांत त्यांना आतला आधार गवसला.

पुन्हा दुष्काळ

1896 मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. वीस वर्षांपूर्वीचे रान, मूठभर रानखजूर आणि आईचा डोक्यावरचा भार रमाबाई विसरल्या नव्हत्या. त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या. मदतकेंद्रांच्या आसपास कोवळ्या मुलींना फसवून नेणारे लोक टपलेले त्यांनी पाहिले. पैसा हाती नव्हता. तरीही त्या आणि त्यांचे सहकारी तेथून सुमारे तीनशे मुली आणि विधवा घेऊन आले.

पुण्यात प्लेगची साथ आणि तिच्यासाठी घातलेले सरकारी निर्बंध असल्याने या मुलींना केडगावच्या सुमारे शंभर एकर जमिनीवर नेण्यात आले. ही जमीन रमाबाईंनी आधीच घेतली होती. सुरुवातीला तंबू आणि झोपड्या होत्या. मग विहिरी खोदल्या गेल्या, इमारती उठल्या आणि 1898 मध्ये मुक्ती मिशन उभे राहिले. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि तेथील स्त्रिया व मुले यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

शारदा सदनात मुख्यतः वरच्या जातींतील विधवा होत्या. मुक्तीत जात विचारली जात नव्हती. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्धांसाठी प्रीतिसदन, अंधांसाठी बार्तिमी सदन अशी वेगवेगळी घरे होती. मनोरमाने ब्रेल लिपी आत्मसात केली आणि ती अंध मुलींना शिकवली जाऊ लागली. शेती, गुरे, हातमाग, तेलघाणी, शिवणकाम, छापखाना. प्रत्येकीच्या हाताला काम होते. दुष्काळात अंगमेहनत न जाणणाऱ्या पंडिताच्या घराची जी दैना झाली, ती या मुलींच्या वाट्याला येऊ नये, याची काळजी रमाबाईंनी घेतली होती.

1905 च्या जूनअखेरीस मुक्तीत प्रार्थनेची एक लाट उसळली. शेकडो मुली तासन्‌तास प्रार्थनेत बुडून गेल्या. कोणी रडत, कोणी मोठ्याने प्रार्थना करत. दूरदेशी याची वार्ता गेली आणि जागतिक पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात या घटनेची नोंद झाली. काही पाश्चात्त्य निरीक्षकांना या उत्कटतेचे कोडे वाटले. भारतीय मुलींनी युरोपीय रीतीनेच देवाला आळवावे, असा आग्रह रमाबाईंनी धरला नाही. बाईने आपल्या कंठाने आणि आपल्या भाषेत देवाशी बोलावे, हाच तर त्यांचा सुरुवातीपासूनचा हेतू होता.

खेड्यातील बाईची भाषा

मराठीत ख्रिस्ती ग्रंथांची परंपरा जुनी आहे. गोमंतकात साष्टीमध्ये राहणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयांचे ओवीबद्ध क्रिस्तपुराण 1616 मध्ये राचोल येथे छापले गेले. लोकांना पुराण ऐकण्याची सवय आहे, तेव्हा ख्रिस्ताची कथाही पुराणाच्या रूपात सांगावी, असा त्यांचा विचार होता. पुढे विल्यम कॅरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रीरामपूर येथे बायबलचा मराठी अनुवाद केला आणि त्यानंतर त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. परंतु उपलब्ध भाषांतरे मुक्तीतील मुलींना जड जात, असे रमाबाईंना आढळले. पंडिती संस्कृत शब्दांनी भरलेले वाक्य ऐकले की त्या मुली भक्तिभावाने मान डोलावत, पण अर्थ कळत नसे. देवळाच्या पायरीवरचे जुने दृश्य रमाबाईंना पुन्हा दिसले असेल, तर त्यात नवल नाही.

1904–05 च्या सुमारास, वयाच्या सेहेचाळिशीनंतर, त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतले. ज्यांना लहानपणी पोथी पाठ करायला एकदा ऐकणे पुरे होत असे, त्यांना आता ऐकू कमी येत होते आणि संस्थेचा व्याप डोक्यावर होता. तरीही पहाटे उठून त्या कामाला बसत. आईनेही पहाटेच पाठ दिले होते. सोपे, घरगुती, बोलीतील शब्द त्या शोधत. ज्या संस्कृत शब्दांमागे वेदान्ताचा किंवा पुराणाचा निराळा अर्थ उभा आहे, ते शब्द त्या टाळत. संस्कृतावर ज्यांचे असामान्य प्रभुत्व होते, त्यांनीच संस्कृतप्रचुर मराठीचा मोह बाजूला ठेवावा, हा त्यांच्या साधनेचा सर्वांत कठीण भाग असावा. पांडित्य मिळवायला त्यांना एक आयुष्य लागले होते आणि ते उतरवून ठेवायलाही जवळपास तेवढीच शक्ती लागली.

छपाई मुक्तीच्या छापखान्यातच होई. खिळे जुळवणाऱ्या, यंत्र चालवणाऱ्या, कागद घडी करणाऱ्या साऱ्या स्त्रियाच असत. त्यांतील कित्येकींना दुष्काळात रस्त्यावरून उचलून आणले होते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. आता त्यांच्याच बोटांनी शुभवर्तमानाची अक्षरे जुळत होती. आधी नवा करार प्रसिद्ध झाला, मग जुन्या कराराचे काम सुरू राहिले. कार्याचा परीघही वाढत होता. तत्कालीन निजाम राज्यातील गुलबर्गा येथे शाळा सुरू झाली आणि मनोरमाने तिची धुरा वाहिली. 1919 मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले.

जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. वडील, आई, बहीण, भाऊ, पती आणि शेवटी लेक. रमाबाईंनी एकेक करून सगळ्यांना निरोप दिला होता. सुमारे सत्तेचाळीस वर्षांपूर्वी आईची तिरडी नेणाऱ्या मुलीपाशी दुःखाचे उत्तर नव्हते. चौसष्टीच्या उंबरठ्यावरच्या बाईपाशी ते होते, असेही म्हणता येणार नाही. पण दुःखासह पुढे जाण्याचे सामर्थ्य तिने कमावले होते. मुलीच्या मृत्यूनंतरही भाषांतराचे काम थांबले नाही. 1922 च्या वसंतात शेवटच्या पानांची तपासणी पूर्ण झाली आणि 5 एप्रिलला रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला.

मागे राहिलेले

रमाबाईंच्या निधनानंतर बराच काळ महाराष्ट्राच्या सुधारणेच्या इतिहासात त्यांना कोपऱ्यातच जागा मिळाली. हिंदू सुधारकांना त्या आपल्या वाटल्या नाहीत आणि चर्चच्या चौकटीतही त्या पुरत्या बसल्या नाहीत. 1989 मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चच्या दिनदर्शिकेत 5 एप्रिल हा त्यांचा स्मरणदिन आहे. केडगावची संस्था आजही कार्यरत आहे.

त्यांच्या धर्मांतराबद्दल मतभेद होते आणि राहतील. परंतु श्रद्धा म्हणजे काय, याचा विचार करणाऱ्या कोणत्याही धर्माच्या माणसाला त्यांच्या आयुष्यात एक कसोटी सापडते. त्यांनी धर्मग्रंथ पाठ केला, पारखला, नाकारला, स्वीकारला आणि स्वीकारल्यावरही त्याला प्रश्न विचारले. त्यात जे वाचले ते जगून पाहिले. भुकेल्याला अन्न, टाकलेल्याला घर, आंधळ्याला अक्षर दिले. सरतेशेवटी तो ग्रंथ त्यांनी अशा बाईच्या हाती ठेवला, जिला आजवर पोथी फक्त दुरून ऐकायची मुभा होती.

नदीच्या घाटावर बसून, अर्थ न कळणाऱ्या श्रोत्यांपुढे पुराण सांगणारी ती लहान मुलगी आणि केडगावच्या छापखान्यात ओल्या शाईच्या पानांवर वाकलेली ती वृद्धा यांच्यामध्ये अर्धशतकाचे अंतर आहे. वडिलांनी आईला अक्षर दिले, आईने मुलीला दिले आणि मुलीने ते हजारो निराधार लेकींपर्यंत पोहोचवले. अनंतशास्त्र्यांनी अरण्यात सुरू केलेला पाठ केडगावी पूर्ण झाला.